आबांना गूळ गोड लागेना झालाय, तातडीने मदत हवी आहे

गुऱ्हाळवाला_करवीर:
नमस्कार, जरा लवकर सांगा कुणीतरी. आमचे आबा गुळव्या आहेत, चाळीस वर्षं काहिलीपुढं काढली, आणि गेले आठ दिवस त्यांना गूळ गोडच लागत नाही. परवा वाफ्यातला कोमट गूळ जिभेवर ठेवला आणि थुंकला, म्हणे माती हाय, ह्या उसात काय राम नाही. ऊसवाला तिथंच उभा, मग काय, लै भांडण. घरी आई चहात साखर टाकून टाकून दमली. मीठ तिखट सगळं कळतंय, तांबडा रस्सा बरोबर ओळखतात, फक्त गोड गेलंय. सीझन आत्ता कुठं सुरू झालाय. कान-नाक-घशाकडं नेऊ का मेंदूच्या डॉक्टरकडं?

रंकाळा_फेरी:
वय किती? सर्दी ताप? वास येतो का? मला कोविडात महिनाभर काही कळत नव्हतं, मिसळ खाल्ली तरी भुसा.

गुऱ्हाळवाला_करवीर:
वय ६४. सर्दी नाही. वास एकदम कडक, मळी लागली की लांबनं ओळखतात.

पन्हाळी_पाऊस:
झिंक कमी झालंय, शंभर टक्के. माझ्या मेव्हण्याला हेच झालेलं. पंधरा दिवस गोळी द्या.

औषधाचं_काऊंटर:
शंभर टक्के कसं काय भावा? झिंक कमी असलं तर सगळ्याच चवी मंदावतात, एकटं गोड निवडून जात नाही. आबांना गोळ्या कुठल्या चालू आहेत?

गुऱ्हाळवाला_करवीर:
नेहमीच्याच.

औषधाचं_काऊंटर:
नेहमीच्या म्हणजे तुमच्या घरात नेहमीच्या, आम्हाला काय माहीत. बीपीच्या का शुगरच्या?

गुऱ्हाळवाला_करवीर:
शुगरच्या ओ. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. चार वर्षं झाली. दिवाळीत तीन महिन्याची शुगर ८.१ आली होती.

पन्हाळी_पाऊस:
मग मेटफॉर्मिनच! तोंड कडू पडतं त्यानं. बंद करा सगळ्या गोळ्या आणि सकाळी कारल्याचा रस चालू करा. केमिकल ते केमिकलच.

औषधाचं_काऊंटर:
असं कुणाची गोळी बंद करायला सांगू नका ओ. मेटफॉर्मिननं काहींना तोंडाला लोखंडासारखी चव येते, पण ती चार वर्षांनी अचानक कशी येईल? आणि केमिकल म्हणता, तर तिचं मूळ गालेगा नावाच्या एका युरोपातल्या झाडपाल्यातच आहे. त्यातल्या द्रव्यानं शुगर उतरते हे दिसलं, पण ते विषारी, म्हणून त्याच्या जातीतली सौम्य द्रव्यं तपासली आणि १९५७ साली झाँ स्टर्न ह्या फ्रेंच डॉक्टरनं मेटफॉर्मिन पेशंटना दिल्याचं छापलं. झाडपाला औषधच असतो, म्हणून तर जपून घ्यायचा.

मेथीची_पेंडी:
आमच्या सासूबाई रात्री चमचाभर मेथी भिजवून सकाळी पाण्यासकट खातात, त्यातला बुळबुळीत चोथा साखर हळू शोषू देतो म्हणे. जेवणानंतरची शुगर खरंच कमी येते त्यांची. पण आधी भाकरी मोजून, मग मेथी.

कागलकर_७:
गूळ चालतो की शुगरवाल्यांना. नैसर्गिक, लोह असतं त्यात.

रंकाळा_फेरी:
ओ कागलकर, गुळात बहुतेक साखरच असते. लोह मिळायला किती खाणार, अख्खा रवा, म्हणजे ढेपच्या ढेप? कोल्हापुरात राहून हे बोलायला जिवावर येतं, पण आहे ते आहे.

कागलकर_७:
आमचे आजोबा गूळ-शेंगदाणे खाऊन नव्वद जगले.

मेथीची_पेंडी:
दिवसाला दहा मैल चालत पण असतील ना.

शाहूपुरी_सून:
मध्येच विचारते, बिनकेमिकलचा गूळ कुठल्या गुऱ्हाळात मिळेल? यार्डातला लै पिवळाधमक दिसतो, भीती वाटते.

औषधाचं_काऊंटर:
गुऱ्हाळवाले, मूळ प्रश्न राहिला. गोळ्यांशिवाय काही घेतात का? काढा, चूर्ण, कॅप्सूल?

गुऱ्हाळवाला_करवीर:
औषध दुसरं काय नाही. एका पाहुण्यांनी झाडपाल्याची पावडर दिलीय, शुगरला चांगली म्हणून, पण ती काय औषध नव्हे. डब्यावर नावबिव नाही, हिरवट आहे आणि कडू. आबांनी तंबाखू सोडली ना दसऱ्याला, तर आता हीच चंचीत ठेवतात आणि तासाभरानं चिमूट काढून गालात धरतात.

औषधाचं_काऊंटर:
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव! ही गुडमार असणार. मधुनाशिनी पण म्हणतात. तिच्या पानातली आम्लं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अडवून बसतात, बाकीच्या चवींना हात लावत नाहीत. त्यावर साखर खाल्ली तर वाळूसारखी लागते. असर साधारण अर्धा-एक तास राहतो, आणि आबा तासातासाला चिमूट लावतात. ऊसवाल्याची माफी मागा आधी.

पन्हाळी_पाऊस:
मग चांगलंच की, गोड खायची इच्छाच मरते. मी पण आणतो.

औषधाचं_काऊंटर:
थांबा. गुडमारनं शुगर पण उतरू शकते, आणि ग्लिमेपिराइड आधीच इन्सुलिन जास्त सोडायला लावतं. दोन्ही मिळून शुगर लै खाली गेली तर? आबांना मध्ये घाम, थरथर, डोळ्यापुढं अंधारी असं काही?

गुऱ्हाळवाला_करवीर:
मंगळवारी चुलवाणाजवळ घामानं निथळले आणि हात कापायला लागले. आम्ही म्हटलं जाळाचा ताप. बसवलं आणि ताक दिलं.

औषधाचं_काऊंटर:
तेच ते असू शकतं. पावडर आज बंद, गोळ्या बंद नाही. उद्याच शुगरच्या डॉक्टरकडं जा, डबा बरोबर न्या. परत तसं झालं तर शुद्धीत असताना लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात कालवून द्या, ग्लुकोमीटर असेल तर मोजा, पंधरा मिनिटांनी परत. गोड लागत नाही म्हणून ते नको म्हणतील, तरी द्या, जिभेला कळलं नाही तरी रक्तात जातेच. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

गुऱ्हाळवाला_करवीर:
चंची काढून घेतली, लै शिव्या खाल्ल्या. दोन तासानं आईनं चहा दिला तर एक घोट घेऊन कप खाली ठेवला, म्हणे एवढी साखर कशाला घातलीस, मला शुगर आहे. आई आता माझ्याशी बोलत नाही. उद्या दहाचा नंबर आहे.

शाहूपुरी_सून:
बरं झालं बाई. पण गूळ कुठला घेऊ ते कुणीच सांगितलं नाही.