अमेरिकेतलं परवडणारं स्त्री-आरोग्य: राज्याच्या पैशाने तुमचं काय सुटलं, काय अडलं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा 'रो विरुद्ध वेड'चा निकाल रद्द केला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे गेला. तेव्हापासून कुठल्या राज्यात काय चालतं, याची चर्चा आपल्याकडे खूप होते. पैसे कोण भरतं, याची मात्र होत नाही. नोकरीचा चांगला इन्शुरन्स असेपर्यंत आपल्यातल्या बऱ्याच जणींना तो प्रश्न पडत नाही. नोकरी गेली की लगेच पडतो.

मी न्यू जर्सीत कुटुंबनियोजनाच्या दवाखान्यात नर्स आहे, म्हणून सुरुवात मीच करते. आमच्याकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी यायचा. एक 'टायटल टेन', म्हणजे १९७० सालची केंद्राची योजना. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फुकट आणि त्या रेषेच्या अडीचपट उत्पन्नापर्यंत सवलतीत तपासणी, गोळ्या, कॉपर टी. दुसरी वाट राज्याच्या अर्थसंकल्पातली. २०१० मध्ये राज्याने आपला वाटा, सुमारे ७५ लाख डॉलर, काढून घेतला. आमचा दवाखाना बंद पडला नाही, पण संध्याकाळची वेळ गेली. बाहेरून बघणाऱ्याला ही किरकोळ काटकसर वाटेल. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी गोदामात किंवा दुकानात तासावारी कामाला. दिवसा यायचं तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्या येईनाशा झाल्या. पुढे काही जणी आल्या त्या गोळ्या घ्यायला नाही, पाळी चुकली म्हणून. एक बाई स्तनातली गाठ बरेच महिने अंगावर काढून आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्याने तेवढेच पैसे पुन्हा सुरू केले. मधली आठ वर्षं ज्यांनी काढली त्यांचा हिशोब कुठल्या अर्थसंकल्पात येत नाही, म्हणून हा धागा काढावासा वाटला.

तुमचे अनुभव लिहा. ओळख पटेल असं काही लिहू नका. दवाखान्याचं, डॉक्टरांचं नावही नको.

जास्वंद_वेल (कॅलिफोर्निया)
ताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकोच्या व्हिसावर होते, त्याची नोकरी गेली आणि इन्शुरन्सही गेला. तोच स्वतःच्या खिशातून चालू ठेवायचा तर महिन्याचा हप्ता घरभाड्याच्या जवळ जात होता. त्या काळात दिवस राहू नयेत एवढंच मला हवं होतं. शेजारच्या मेक्सिकन बाईने 'फॅमिली पॅक्ट'बद्दल सांगितलं. ही राज्याची योजना. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या दुपटीच्या आत हवं, ते आपणच लिहून द्यायचं, आणि व्हिसा कुठला हे विचारत नाहीत. दवाखान्यातच फॉर्म भरला, त्याच दिवशी कार्ड हातात. गोळ्या तर एकदम वर्षभराच्या मिळाल्या. २०१७ पासून इथे तसा कायदाच आहे. दर महिन्याला फार्मसीत जायचं म्हणजे बसभाडं आणि लहान पोराला घेऊन रांग, ते सगळं वाचलं.

एक लक्षात ठेवा, यात बाळंतपण येत नाही. दिवस राहिले तर मेडी-कॅलचा (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा इथला सरकारी आरोग्य विमा) वेगळा अर्ज करावा लागतो.

रानवाट (टेक्सस)
२०११ मध्ये मी विद्यार्थिनी होते. त्या वर्षी इथल्या विधिमंडळाने कुटुंबनियोजनाचे दोन वर्षांचे पैसे ११ कोटी १० लाख डॉलरवरून जेमतेम ३ कोटी ८० लाखांवर आणले. राज्यभरात ८० हून जास्त दवाखाने बंद झाले किंवा त्यांनी ही सेवा थांबवली. माझी पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची) जिथे व्हायची तो त्यांतला एक. आधीच्या तपासणीत काहीतरी शंकास्पद दिसलं होतं, पुन्हा बघायचं होतं. दुसरा दवाखाना दुसऱ्या गावी, गाडी नव्हती, आणि आईला फोनवर काय सांगणार? एका वर्गमैत्रिणीने नेलं. सुदैवाने काही निघालं नाही.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी असं मला वाटतं. २०१३ मध्ये राज्याने बराच पैसा परत दिला, वेगळ्या योजनांच्या नावाने. पण बंद पडलेला दवाखाना पैसे आले म्हणून दुसऱ्या दिवशी उघडत नाही. जागा दुसऱ्याने घेतलेली असते, नर्सेस दुसरीकडे लागलेल्या असतात, पेशंटच्या फायली कुठे आहेत ते कुणाला माहीत नसतं. मोडायला एक मतदान पुरतं, उभं करायला मात्र वर्षं जातात.

सातूचे_पीठ
रानवाट, वाचून गलबलून आलं. काळजी घे.

देवराई_६२ (कोलोरॅडो)
पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? मी इथे सरकारी हायस्कूलमध्ये शिकवतो. सुरुवातीच्या वर्षांत वर्गातली एखादी तरी मुलगी बाळंतपणासाठी शाळा सोडायची, आणि सोडली की परत येणं अवघड. २००९ च्या सुमारास दवाखान्यांमधून कॉपर टी आणि दंडात बसवायची गर्भनिरोधक इम्प्लांट गरीब मुलींना फुकट किंवा नाममात्र पैशात मिळू लागली. या साधनांचा आधी लागणारा खर्चच मुळात त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. पुढच्या काही वर्षांत राज्यात किशोरवयीन मुलींची बाळंतपणं जवळजवळ निम्मी झाली. मला ते आकडेवारीच्या आधी हजेरीपटावर दिसलं.

तो पैसा आधी एका खासगी दात्याचा होता. दाता थांबल्यावर २०१५ मध्ये विधिमंडळाने नाही म्हटलं, २०१६ मध्ये २५ लाख डॉलर दिले. निकाल डोळ्यांसमोर असताना वर्षभर थांबावं लागलं, याचा मला आजही राग येतो.

गर्भपाताला सरकारी पैसा द्यायला इथे १९८४ पासून राज्यघटनेतच बंदी होती. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात ती उठली. माझंही एक मत त्यात आहे.

कृष्णाकाठ
माझं मत थोडं वेगळं आहे, शांतपणे ऐकून घ्या. गर्भपातासाठी करदात्यांचा पैसा मला पटत नाही. पण या धाग्यात बाळंतपणानंतरचं कुणी लिहिलं नाही, ते लिहायलाच हवं.

आमचा छोटा धंदा, घरचा इन्शुरन्स नाही. पहिल्या बाळंतपणाला मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) होतं, ते बाळ झाल्यावर ६० दिवसांनी संपलं. नेमकं त्यानंतर मला रडू आवरेना. झोप नाही, बाळाला घ्यावंसं वाटेना. डॉक्टरांचा खर्च परवडत नव्हता, म्हणून कुणाला सांगितलंच नाही. सासूबाईंनी ओळखलं आणि माझ्या उशाशी बसून राहिल्या. दुसऱ्या खेपेला तोच त्रास परत झाला, पण एप्रिल २०२२ पासून ही मुदत बारा महिने करायची मुभा राज्यांना मिळाली होती आणि आमच्या राज्याने ती घेतली होती. औषधं, समुपदेशन, सगळं झालं. मी उभी राहिले.

धागाकर्ती
कृष्णाकाठ, हे लिहिलंत याबद्दल खूप आभार. गर्भपाताबद्दल मात्र माझं मत तुमच्यासारखं नाही. १९७६ च्या हाइड दुरुस्तीमुळे मेडिकेडचा केंद्राचा पैसा त्याला मिळत नाही, अपवाद फक्त बलात्कार, निषिद्ध नात्यातला संबंध आणि आईच्या जिवाला धोका एवढेच. म्हणजे गरीब बाईने स्वतः भरायचं, नाहीतर तिच्या राज्याने. पैसे जमवण्यात आठवडे जातात, आणि आठवडे गेले की खर्चही वाढतो. हे मी रोज बघते.

पाणंद (दक्षिण इलिनॉय)
धागाकर्तीशी सहमत. इथे २०१७ च्या कायद्याने राज्याने आपल्या मेडिकेडमधून गर्भपाताचा खर्च उचलायला सुरुवात केली. पण शेजारच्या राज्यांतून ज्या येतात त्यांना तो लागू नाही. त्यांच्यासाठी देणगीवर चालणारे निधी आहेत, आणि माझ्यासारखे गाडी चालवणारे लोक. मी त्यांना बस स्टँडवरून दवाखान्यात नेते, परत सोडते. वाटेत मी काही विचारत नाही. बहुतेक जणी आधीच एक-दोन मुलांच्या आया असतात, आणि पुन्हा पुन्हा घड्याळ बघतात, कारण घरी मुलं कुणाकडे तरी ठेवलेली असतात.

जास्वंद_वेल
ताई, २०२५ नंतर काय बदललं तेही लिहाल का? बहीण विचारतेय. आणि सरकारी मदत घेतली तर व्हिसा अडेल, अशीही तिला भीती वाटते.

धागाकर्ती
जुलै २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने प्लॅन्ड पेरेंटहुडला (कुटुंबनियोजनाचे आणि गर्भपाताचे दवाखाने चालवणारी देशव्यापी संस्था) मेडिकेडचा पैसा एका वर्षासाठी थांबवला. गर्भपातासाठी तो आधीही मिळत नव्हता. थांबला तो कर्करोगाच्या तपासणीचा, गोळ्यांचा, लैंगिक आजारांच्या उपचारांचा. काही राज्यांनी ती पोकळी स्वतःच्या तिजोरीतून भरायचं ठरवलं. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १४ कोटी डॉलर जाहीर केले.

बहिणीला सांग, फोन करतानाच 'उत्पन्नानुसार फी आहे का' असं विचारायचं. पगाराच्या पावत्या असतील तर सोबत न्यायच्या. मेडिकेडसारख्या योजनेत नाव घालण्याआधी मात्र इमिग्रेशन वकिलाला विचारून घे म्हणावं, ते नियम बदलत असतात. तपासणी तोवर पुढे ढकलू नकोस, असंही सांग.

न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनकडच्या कुणी अजून लिहिलेलं नाही. वाट बघतेय.