मिक द मिलर भाग्यवान होता, म्हणून सगळे ग्रेहाऊंड भाग्यवान ठरत नाहीत

शर्वरी_के
परवा मिक द मिलर या शर्यतीच्या ग्रेहाऊंड कुत्र्यावर कुणीतरी लिहिलं होतं: "लागोपाठ दोन डर्बी (इंग्लंडमधली ग्रेहाऊंडांची सगळ्यात मोठी शर्यत), सलग १९ विजय, सिनेमात काम आणि मेल्यावर संग्रहालयात जागा. शर्यतीच्या कुत्र्याचं आयुष्य राजासारखं असतं." पहिलं वाक्य मान्य. दुसरं वाचून डोकं तापलं.

मिक १९२६ साली आयर्लंडमधल्या किली गावात फादर ब्रॉफी या पाद्र्यांकडे जन्मला. वेतातलं सगळ्यात किरकोळ पिल्लू. पुढे डिस्टेंपर हा कुत्र्यांचा जीवघेणा रोग झाला. डब्लिनच्या शेलबर्न पार्क या ट्रॅकवरच्या डॉक कॅलनन यांनी जिवापाड शुश्रूषा केली म्हणून जगला. १९२९ साली लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत पळाला आणि डर्बी चालू असतानाच ८०० गिनींना (गिनी म्हणजे एका पौंडाहून थोडी जास्त रक्कम) एका बुकमेकरकडे, म्हणजे पैजा घेणाऱ्याकडे, गेला. डर्बी जिंकल्यावर २००० गिनींना पुन्हा विक्री. हा झाला त्यातला सगळ्यात नशीबवान.

आता माझ्या घरातली ग्रेहाऊंड कुत्री. सात वर्षांची, शर्यतीतून निवृत्त. आली त्या दिवशी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवून थरथरत उभी राहिली, कारण तिने जन्मात जिना पाहिला नव्हता. काचेच्या दारावर जाऊन आपटली. मागचा उजवा घोटा मोडून वाकडा जुळलेला. तिने किती शर्यती जिंकल्या हे मला आजही माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही. राजासारखं म्हणे!

सहा_नंबरचा_पट्टा
शर्वरीताई, तुमच्या कुत्रीबद्दल वाईट वाटलं, पण एका कुत्रीवरून अख्खा खेळ मोडीत काढू नका. तीस वर्षं ट्रॅकवर जातोय. सापळ्यात, म्हणजे शर्यत सुटते त्या पेटीत, घातल्यावर आतून जे कुईकुई आणि दारावर पंजे मारणं चालतं, ते जबरदस्तीने आणलेल्या जनावराचं नसतं. यांत्रिक ससा समोरून गेला की त्यांच्या अंगात येतं. मिकला तर वळणावर कधी आत शिरायचं हे कळायचं. सुरुवातीला मागे राहून गर्दीतून वाट काढणारा कुत्रा होता तो. हे चाबकाने शिकवता येत नाही.

पॅलाटिनसची_बाजू
मिकचं कौतुक चाललंय तर एक जुनी सल बोलून टाकतो. १९२९ ची अंतिम शर्यत. चारच कुत्रे. पहिल्या वळणावर पॅलाटिनस पुढे निघाला, मागचे तिघे एकमेकांवर आदळले, त्यात तुमचा मिकही होता. शर्यत रद्द! अर्ध्या तासाने पुन्हा पळवली आणि मिक जिंकला. पॅलाटिनसने काय चूक केली होती? तो स्वच्छ पुढे होता.

अनघा_रीडिंग
आणि १९३१? तेव्हा मिक पाच वर्षांचा. अंतिम शर्यत त्याने जिंकली, लोक वेडे झाले, आणि जाहीर झालं की रायलंड आर नावाचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी भिडला, शर्यत रद्द. पुन्हा पळवली. दमलेला मिक मागे पडला, सेल्डम लेड जिंकला. हिशोब फिटला की नाही?

पॅलाटिनसची_बाजू
नाही फिटला. १९३१ मध्ये नुकसान मिकचं झालं. पॅलाटिनसला त्याने काय मिळालं?

सहा_नंबरचा_पट्टा
अहो, आदळणारे कुत्रे जखमी होतात. आधीची शर्यत ग्राह्य धरली असती तर पैसे लावणाऱ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं असतं. नियम नियम असतो. आणि तुम्हाला मिक महान वाटत नसेल तर त्याच वर्षी, डर्बी हुकल्यावर, वेम्बलीला ७०० यार्डांची सेंट लेजर ही मोठी शर्यत कुणी जिंकली? त्या वयात!

बॉब_भक्त
तुम्ही दोघं शंभर वर्षांपूर्वीची शर्यत काय पळवताय? बॅलीरेगन बॉब हा कुत्रा बघा. डिसेंबर १९८६, इंग्लंडमधला होव्हचा ट्रॅक, सलग ३२ वा विजय. जो डंप या कुत्र्याचा अमेरिकेतला ३१ चा विक्रम मोडला. मिकचे १९. आकडा बोलतो.

अनघा_रीडिंग
आकडा एकटा बोलत नाही. बॉब लांब पल्ल्याचा, मिक डर्बीच्या अंतराचा. आणि दोघांचीही कातडी भरून इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात ठेवलीय, तेव्हा तिथे ते दोघं समसमान आहेत.

शर्वरी_के
हेच! दोघांची कातडी. मी ट्रिंगला गेले होते. काचेमागे मिक उभा आहे, अंगावरचा रंग उडत चाललाय, काचेचे डोळे. शेजारी एक बाई मुलाला सांगत होती, "बघ, किती जोरात पळायचा." माझी कुत्री घरी उताणी, चारही पाय वर करून झोपते. मिक कसा झोपायचा, हे त्या काचेवरच्या पाटीवरून कुणाला कळणार आहे? आपण एवढी उत्तरं आकड्यांवर आणि निकालांवर लिहिली, आणि कुत्र्याबद्दल एक ओळ नाही.

सहा_नंबरचा_पट्टा
ताई, हा आरोप मला लागला. मी काय कुत्र्यांचा शत्रू आहे? माझ्या बापाने दोन कुत्रे पाळले होते, म्हातारे होईपर्यंत आमच्या सोफ्यावर होते. ट्रॅकवर जाणारा प्रत्येक माणूस कसाई आहे असं लिहायचं तर सरळ लिहा.

केनेलवाली_माजी
मी लिहिते. शिकत असताना दोन वर्षं शनिवार-रविवार एका केनेलमध्ये, म्हणजे शर्यतीचे कुत्रे ठेवतात तिथे, कामाला होते, नाव सांगणार नाही. मालक वाईट नव्हता, कुत्र्यांना खायला घालण्यात कसूर नव्हती. पण वळणावर वेगात असताना बाहेरच्या पायावर, म्हणजे मागच्या उजव्या पायावर, सगळा ताण येतो. कुत्रे कायम डावीकडे वळत पळतात ना. घोट्यातलं एक छोटं हाड पिचकतं. सोमवारी फळ्यावरून एक नाव पुसलेलं असायचं. एका तांबूस कुत्र्याचं नाव असंच पुसलं गेलं. त्याला माझ्या बाहीत नाक खुपसायची सवय होती. मी विचारलं, "कुठे गेला?" मला फक्त सांगितलं, "पुढचा पिंजरा धू." बाही वर करून पिंजरा धुतला. त्यानंतर मी ट्रॅकवर पाय ठेवला नाही.

बॉब_भक्त
तुमचा अनुभव मी खोडत नाही. पण आता जखमांचे आकडे दरवर्षी जाहीर होतात, निवृत्त कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या संस्था आहेत. तुम्ही जुन्या काळाचं सांगताय.

केनेलवाली_माजी
२०११. फार जुना काळ नाही. आकडे जाहीर होतात म्हणून घोटा वाचत नाही. वेल्सने २०२५ मध्ये बंदी आणायची घोषणा केली, त्याआधी न्यूझीलंडने. त्यांना काही कळत नाही का?

पॅलाटिनसची_बाजू
बंदीने कुत्र्यांची जातच आटेल. शर्यत नाही, तर पैदास कोण करणार? आणि तुम्ही सगळे पॅलाटिनसचा मुद्दा गिळून बसलात.

शर्वरी_के
पैदास कमी झाली तर होऊ दे. जन्माला आली आणि फळ्यावरून पुसली गेली, यापेक्षा ते बरं. आणि हो, तुमचा पॅलाटिनस. १९२९ ला तो पुढे होता आणि त्याच्यावर अन्याय झाला, हे मी मान्य करते. आता त्याचं पुढे काय झालं ते लिहा ना. मी वाचेन.

पॅलाटिनसची_बाजू
ते शोधलं नाही कधी. शोधतो.

सहा_नंबरचा_पट्टा
ताई, एवढंच सांगतो: जिन्याची सवय लावायची असेल तर खालून नको, वरून सुरू करा. वरून दुसऱ्या पायरीवर तिला उचलून ठेवा, चढायला फक्त एक पायरी. बापाने तसंच केलं होतं. बाकी मत माझं बदललेलं नाही.

शर्वरी_के
वरून? करून बघते. आज रात्रीच.