शब्द मीच मोडला, आता पोरांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

नमस्कार मंडळी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात प्रेस शॉपला (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनचा विभाग) शिफ्ट इन्चार्ज आहे. त्याआधी नऊ वर्षं ऑपरेटर होतो, त्यामुळे पाळीतल्या निम्म्या पोरांबरोबर एकाच टेबलावर डबा खाल्लाय.

इन्चार्ज झालो तेव्हा एकच ठरवलं होतं: माझ्या पाळीत प्रेसचा लाइट कर्टन कोणी बायपास करायचा नाही. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा पडदा असतो. हात आत गेला की स्ट्रोक, म्हणजे प्रेसचं खाली येणं, थांबतो. हा पडदा मधूनमधून उगाच ट्रिप होतो, म्हणजे हात आत नसतानाही मशीन थांबवतो, मग कोणीतरी किल्ली फिरवून तो बंदच करून टाकतं.) ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ मीच मोठ्याने वाचली. रोज पाळी सुरू होताना पाच मिनिटं हेच बोलायचो. चार-पाच महिने खरंच पाळलं सगळ्यांनी.

मग गेल्या महिन्याची २९ तारीख. गाडी गेटवर उभी, ६०० पीस कमी, वरून दर दहा मिनिटांनी फोन. आणि तीन नंबरच्या प्रेसचा पडदा सारखा ट्रिप. ऑपरेटर नुसता माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आजच्या दिवस." किल्ली मीच फिरवली. कोणाला काही झालं नाही, गाडी गेली, साहेबांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सुरक्षेवर बोलायला तोंड उघडलं, तर मागून कोणीतरी हळूच, "आजच्या दिवस का, दादा?" सगळे हसले. मीही हसलो, तेच जास्त लागलं. त्यानंतर दोनदा बायपास सापडला आणि मी काही बोलू शकलो नाही.

सगळ्यांसमोर चूक कबूल करू का? बायको म्हणते कर. आमचे जुने सुपरवायझर म्हणतात, एकदा माफी मागितलीस की पोरं डोक्यावर बसतील. आणि पुढची २९ तारीख येणारच आहे, तेव्हा काय करू? 'पॉझिटिव्ह राहा' छाप सल्ले कृपया नकोत.

प्रतिसाद
टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. कबूल करा, पण दोन वाक्यांत. लांबलं की तेही नाटक वाटतं. त्याच वेळी, सगळ्यांदेखत, ती किल्ली सेफ्टी ऑफिसरच्या हातात द्या. २९ तारखेला गेटवर गाडी असताना ठाम राहणं भल्याभल्यांना जमत नाही, ते भांडण २० तारखेलाच भांडायचं. किती पीस निघतील तो आकडा साहेबांना लेखी द्या. आणि मूळ प्रश्न राहिलाच की! तीन नंबरचा पडदा ट्रिप का होतो? काच तेलकट आहे की ब्रॅकेट हलतंय? ब्रेकडाउन स्लिप, म्हणजे बिघाडाची लेखी नोंद, लिहिली होती का?

धागाकर्ता
काका, स्लिप लिहिली नव्हती. आत्ता पाळी सुटताना बघून आलो, ब्रॅकेटचा एक बोल्टच गायब आहे. दुसरा हाताने फिरतोय. पाच महिने रोज त्याच्यासमोर उभा राहून भाषण देत होतो मी. उद्या आधी मेंटेनन्सला गाठतो, मग पोरांशी बोलतो. किल्लीचं मात्र साहेबांना आधी सांगू की देऊन झाल्यावर?