मदत हवी आहे: कोरोनल होलमधल्या वर्णरेषेचा शून्य वेग कुठून धरायचा?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकल्पासाठी सूर्याचा अभ्यास करणाऱ्या हिनोडे यानावरच्या ईआयएस या वर्णपटमापकाचा एका मोठ्या कोरोनल होलचा, म्हणजे सूर्याच्या बाह्य वातावरणातल्या काळपट दिसणाऱ्या भागाचा डेटा घेतलाय. आदित्य-एल१वरची सूट ही दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये बघते, मला त्याच्या बऱ्याच खालचा, १९ नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा हवा होता.

११ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची १९५.१२ अँगस्ट्रॉमची (१९.५१२ नॅनोमीटरची) वर्णरेषा वापरतेय. ती साधारण १५ लाख अंश तापमानाला ठळक दिसते. होलमध्ये मात्र वायू विरळ आणि थंड, त्यामुळे रेषा फिकी पडते. काल रात्री दांडिया बाजारातल्या घरी एकेका ठिकाणचा आलेख उघडून बघत होते. कुठे छान घंटेचा आकार, तर कुठे नुसती खडबडीत उंचवट्यांची ओळ.

खरी अडचण पुढे आहे. रेषा मूळ जागेवरून किती सरकली यावरून वायूचा वेग काढायचा, पण ती मूळ जागा, म्हणजे शून्य वेग, ठरवायची कशी? सेकंदाला १० किलोमीटर वेगानं वर येणाऱ्या वायूमुळे रेषा जेमतेम ०.००६५ अँगस्ट्रॉम सरकते, म्हणजे एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. यान ९८ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारताना तापतं-निवतं, त्यानं रेषा त्याहून कितीतरी जास्त हलते. शिवाय यानावर तरंगलांबीचा प्रमाण दिवा नाही. शांत सूर्याची, म्हणजे फारशी हालचाल नसलेल्या भागाची, सरासरी शून्य धरावी म्हणतात, पण माझ्या चौकटीत (टिपलेल्या भागात) शांत भाग अगदी कडेला, चिंचोळा आहे.

तेवढ्यावर विसंबू का? की त्याच दिवशीची दुसरी चौकट घेऊन जोडू? फिक्या जागी शेजारचे पिक्सेल एकत्र केले तर किती करावेत? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.