मदत हवी आहे: लॉनमध्ये लव्हाळा (बहुतेक) घुसलाय, कितीही उपटला तरी परत येतो

नमस्कार मंडळी,
नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला आमचं घर आहे, पुढे साधारण १२०० स्क्वेअर फूट लॉन, सिलेक्शन वन जातीच्या गवताचं. हिवाळ्यात लावलं, पोयटा आणि शेणखताची ट्रॉली मागवली होती, उन्हाळाभर पाणी घालून जपलं आणि छान दाट भरलं पण होतं. आता पहिले पाऊस झाले आणि सगळीकडून दुसरंच काहीतरी वर यायला लागलंय.

मुख्य त्रास एकाचा आहे. लॉनपेक्षा फिकट पोपटी, चकचकीत, सरळ उभी पानं, आणि मशीन फिरवलं की दोन-तीन दिवसांत हेच बाकी गवताच्या वर डोकं काढतं. उपटलं की अगदी सहज हातात येतं, मूळ निघालं असं वाटतं, पण त्याच जागी थोड्या दिवसांत एकाचे तीन झालेले असतात. माळीकाका म्हणतात लव्हाळा, शेजारचे म्हणतात हे हरळीसारखंच एक गवत आहे.

याशिवाय दोन किरकोळ आहेत. एक तीन पाकळ्यांच्या पानांचं, पिवळं बारीक फूल, पान आंबट लागतं (मुलाने खाऊन बघितलं!). दुसरं जमिनीला चिकटून पसरणारं, तोडलं की पांढरा चीक.

कृषी सेवा केंद्रात विचारलं तर एकाने ग्लायफोसेट सांगितलं, दुसऱ्याने टू-फोर-डी (दोन्ही तणनाशकं). मला दोन्हीची भीती वाटते, कारण सासूबाई रोज सकाळी लॉनवर अनवाणी चालतात, धाकटी अजून सापडेल ते तोंडात घालते, आणि कंपाउंडच्या मागे लगेच द्राक्षबाग आहे. हे नक्की काय आहे आणि लॉन न मरता कसं घालवायचं, कोणी अनुभवाने सांगेल का? सगळं खणून नवीन लॉन लावायची तयारी नाहीये, खर्चाचीही आणि मनाचीही.

प्रतिसाद १ (पुणे)
आधी ओळख पक्की करा, कारण औषध त्यावरच ठरतं. एक काडी बुडाशी धरून दोन बोटांत फिरवा. गवताची काडी गोल किंवा चपटी लागते, लव्हाळ्याची तीन धारांची, त्रिकोणी लागते, डोळे मिटून पण कळतं. पानं पण तीन दिशांना फुटलेली दिसतील. फुलोरा आला असेल तर तांबूस-जांभळट तुरे असतील. आणि शेवटची खूण, उपटू नका, खुरप्याने वीतभर खोल खणून माती हाताने फोडा. काळपट टणक गाठी सापडतील, बारीक दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या. एक फोडून वास घ्या, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथ्याचा येतो तसा वास आला की शंकाच नको.

वरून ओढलं की फक्त शेंडा तुटतो, गाठ खालीच राहते. वरचा कोंब गेला की त्याच साखळीतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात, म्हणून तुम्हाला एकाचे तीन दिसतायत. गाठी मातीतूनच आल्या असणार, पोयट्याच्या ट्रॉलीतून हे नेहमी येतं आणि माती घेताना चाळून बघायला कोणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आंबट पानांची ती आंबुशी, चिकाची ती दुधी. ही दोन्ही पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत हाताने निघतात, फक्त आंबुशीच्या शेंगा वाळायच्या आत काढा, नंतर हात लावला की फुटून बी लांबपर्यंत उडतं. शिवाय तिच्या फांद्या जिथे टेकतात तिथे मुळं धरतात, त्यामुळे पसरलेली फांदी पूर्ण मागे उलगडत न्या.

धागाकर्ती
आत्ताच खणून बघितलं, काडी त्रिकोणी आहे आणि गाठी पण निघाल्या, वास अगदी तोच! म्हणजे लव्हाळाच. खूप आभार. आता पुढे काय?

प्रतिसाद २ (ऊस उत्पादक, सांगली)
ताई, लव्हाळ्यापुढं आम्ही उसात हात टेकलेत, त्यामुळं सविस्तर लिहितो.

ग्लायफोसेट अजिबात नको. ते हिरवं दिसेल ते मारतं, लॉन पण जाईल, आणि खालच्या सुप्त गाठी तरी राहतीलच. शिवाय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं, घरच्या माणसाने नाही. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाचं औषध, दुधी-आंबुशीवर काही प्रमाणात चालेल पण लव्हाळा त्यानं संपत नाही, आणि द्राक्ष त्याला इतकं नाजूक आहे की वाऱ्याबरोबर नुसती वाफ गेली तरी वेलीची पानं वाकडी होतात. मागं बाग असताना त्याचा विचारच करू नका, शेजाऱ्याचं वर्षाचं पीक आहे ते. पेंडीमेथालिन कोणी सांगितलं तर ते बी उगवू नये म्हणून असतं, गाठीवर त्याचा उपयोग नाही.

लव्हाळ्यावर चालतं ते हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के, आमच्याकडं सगळे सेम्प्रा म्हणूनच मागतात. एकरी ३६ ग्रॅम. तुमच्या १२०० फुटाला हिशेब केला तर जेमतेम १ ग्रॅम, चार-पाच लिटर पाण्यात, बरोबर स्टिकर (औषध पानाला चिकटून राहायला घालतात ते). म्हणून अंदाजानं चमचा घालू नका, सोनाराकडचा किंवा ग्रॅमचा छोटा काटा वापरा. हे मी मुद्दाम सांगतो, आपल्याकडं लेबलवर ऊस आणि मका आहे, लॉन नाही. बाहेरच्या देशांत हे औषध लॉनवर वापरतात, तरी तुम्ही आधी कोपऱ्यात एका चटईएवढ्या जागेवर मारून दोन-तीन आठवडे बघा, मगच पुढं जा. लगेच काही दिसणार नाही, आधी पिवळा पडतो मग हळूहळू वाळतो, घाई करून डबल डोस दिला की लॉन पण बसेल. मारायच्या आधी आणि नंतर दोन दिवस मशीन फिरवू नका, पान असेल तरच औषध खाली गाठीत उतरतं. वारा पूर्ण बंद असताना, नोझल खाली धरून, द्राक्षाकडची पट्टी सोडून. तिथं खुरपंच.

धागाकर्ती
दादा, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. पण धाकटीमुळे अजूनही धाकधूक आहे. औषधाशिवाय काहीच होत नाही का? मीठ-व्हिनेगरचं एक पाहिलं होतं.

प्रतिसाद १ (पुणे)
मीठ नको हो, माती वर्षभर खराब होईल आणि लॉन आधी मरेल. औषधाशिवाय होतं, पण चिकाटी लागते. नवीन कोंब पाच-सहा पानांचा व्हायच्या आत खणून काढत राहायचं, त्यानंतर तो स्वतःच नवीन गाठी करायला लागतो. दर वेळी गाठीतला साठा खर्च होतो आणि ती दमत जाते. काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, उन्हात पत्र्यावर कडकडीत वाळवा, वाळली की गाठ मरते.

आणि पाण्याचं बघा. पाऊस सुरू आहे तोवर नळी बंद, पाणी साचतं तिथे उतार काढून घ्या, लव्हाळ्याला ओल फार आवडते. सावली मात्र त्याला सोसत नाही, त्यामुळे लॉन दीड-दोन इंचाच्या खाली कापू नका, दाट गवताखाली नवीन कोंब दबतात. खणून उघड्या पडलेल्या जागी लगेच लॉनच्या गवताचे मुळासकट तुकडे दाबून टाका, मोकळी माती ठेवली की तिथे तोच आधी येणार.

धागाकर्ती
मग असं ठरवते: गेटजवळ आणि बागेकडच्या पट्टीत खुरपं, रोज संध्याकाळी थोडं थोडं. मधला भाग फारच भरलाय, तिथे औषध, पण गणपतीत सासूबाई आणि मुलं गावी जातात तेव्हाच, कोपऱ्यातली टेस्ट त्याआधी उरकून. परत आल्यावर किती दिवस मुलांना लॉनवर सोडू नये?

प्रतिसाद २ (ऊस उत्पादक, सांगली)
पाकिटावरची सूचना वाचा आणि ती पाळाच. पूर्ण वाळेपर्यंत कोणीच पाय ठेवायचा नाही, आणि एवढं लहान लेकरू आहे तर एकदा चांगली सर येऊन जाऊ द्या, वर एकदा मशीन मारून ते गवत बाहेर टाका, मग सोडा. फवारल्यावर पहिले चार-पाच तास मात्र पाऊस नको, उघडीप बघूनच पंप भरा. टेस्टच्या जागेचा फोटो इथं टाका, रंग बघून पुढचं सांगतो.