लॅपटॉप सारखा हँग होतोय, कोणी सांगेल का?

प्रेषक: खजिनदार
विषय: लॅपटॉप सारखा हँग होतोय

नमस्कार मंडळी,

विषय मंडळाचा नाही, पण मंडळाचे सगळे हिशेब याच लॅपटॉपवर आहेत, तेव्हा थोडा आहेच. गेले तीन आठवडे हा मधेच हँग होतो. आधी दिवसातून एकदा व्हायचा, आता तासाला दोनदा. हिशेबाची एक्सेल फाइल उघडली की हमखास. मी पाच-दहा सेकंद वाट बघते, मग इकडेतिकडे क्लिक करते, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरते. अँटीव्हायरस फिरवला, काही सापडलं नाही. नको असलेल्या फाइली पुसल्या, फरक नाही. सहा वर्षं जुनं मशीन आहे, विंडोज १०, रॅम ८ जीबी.

वार्षिक सभा दहा दिवसांवर आली आहे आणि ताळेबंद अजून निम्मा माझ्या डोक्यात आहे. नवीन लॅपटॉप घ्यावा, की यातच काही करता येईल?

बॅकअप आहे का, असं कृपया विचारू नका.

खजिनदार


प्रेषक: क्रीडा समिती
विषय: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

काकू, टेन्शन नको. सरळ फॉरमॅट मारा. मागच्या वर्षी माझा अगदी अस्साच हँग व्हायचा. पूर्ण फॉरमॅट केला, विंडोज नव्याने टाकलं, एकदम सुसाट. रविवारी येऊन करून देतो, दोन-तीन तासांचं काम आहे.


प्रेषक: माजी अध्यक्ष
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

फॉरमॅटची घाई नको. सहा वर्षांत एकदा तरी उघडून साफ केलाय का? पंख्याच्या तोंडाशी धुळीचा नमदा बसतो, हवा खेळत नाही आणि मशीन तापतं. माझ्या लॅपटॉपमधून बोटाएवढी जाड वात निघाली होती. वहिनी, तुम्ही तो गादीवर ठेवून काम करता हे मी स्वतः पाहिलं आहे.


प्रेषक: ग्रंथालय
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

काकू, रविवार येईपर्यंत कोणालाही त्या मशीनवर काहीही करू देऊ नका. काका, तुम्हालाही नाही.

मी बारा वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसले आहे. येणारा प्रत्येक जण "हँग होतो" एवढंच सांगतो, आणि त्या एका शब्दामागे चार-पाच वेगळे आजार असतात. म्हणून औषधाआधी चार प्रश्न. पुढच्या वेळी हँग झाला की बटण दाबू नका. घड्याळ लावून तीन मिनिटं नुसतं बघत बसा. कठीण आहे, पण बसा.

माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? दिवा दाद देत असेल तर विंडोजचा गाभा जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतोय. दिवाही ढिम्म असेल तर गोष्ट वेगळी. मग मी रॅम, ड्रायव्हर किंवा बोर्डाकडे बघेन. थोड्या वेळाने आपोआप सुटतो का, आणि सुटल्यावर मधे केलेले सगळे क्लिक धडाधड एकदम लागू होतात का? आणि लॅपटॉपला कान लावा. पंख्याचा नव्हे, बारीक टिक-टिक असा आवाज येतो का?

अजून एक. टास्क मॅनेजर आत्ताच उघडून ठेवा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. हँग झाल्यावर तो उघडायला गेलात तर तोही त्याच रांगेत उभा राहील. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्कवर क्लिक करा आणि खिडकी कोपऱ्यात राहू द्या. हँग होईल तेव्हा तिथले आकडे मोबाइलने फोटो काढून पाठवा.

काकांचा मुद्दा चुकीचा नाही, धूळ काढायलाच हवी. पण तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो. बहुतेक इंटेल चिपची हद्द १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यानंतरही ताप चढत गेला तर मशीन पटकन बंद पडतं. म्हणजे तापलेलं मशीन एकतर रेंगाळतं नाहीतर विझतं. एक ठरावीक फाइल उघडली की अडकायचं आणि मग सुटायचं, हे उष्णतेचं लक्षण मला तरी वाटत नाही.


प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

ताई, बसले तीन मिनिटं. आयुष्यात एवढा संयम केला नव्हता.

बाण हलतो. कॅप्स लॉकचा दिवाही लागतो. एक्सेलची खिडकी पांढरी पडली, वर "प्रतिसाद देत नाही" असं आलं. एक मिनिट चाळीस सेकंदांनी सुटलं आणि मी मधे जिथे जिथे टोचलं होतं ते सगळं एका दमात उघडलं, कॅल्क्युलेटर तीन वेळा. टिक-टिक म्हणाल तर हो, डाव्या तळहाताखाली. मला वाटत होतं घड्याळाचा आवाज आहे.

फोटो जोडला आहे. डिस्क १०० टक्के लिहिलंय. म्हणजे डिस्क भरली का? माझी तर अर्धी रिकामी आहे.


प्रेषक: ग्रंथालय
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

नाही काकू, ते १०० टक्के भरल्याचे नाहीत, गुंतल्याचे आहेत. आता त्याच फोटोत खाली बघा. वाचनाचा वेग १८० केबी प्रति सेकंद, आणि सरासरी प्रतिसादाचा वेळ ४२०० मिलिसेकंद. फिरती हार्ड डिस्क धडधाकट असली तर हा आकडा एरवी १०-२० च्या घरात असतो. म्हणजे डिस्क पूर्णवेळ राबतेय आणि हाती काहीच देत नाही. तोच वेग ९०-१०० एमबी असता तर मी म्हटलं असतं की अपडेट किंवा अँटीव्हायरस चरतोय, चरू द्या. मेमरी ९५ टक्क्यांवर असती तर रॅम अपुरी पडून विंडोज डिस्कचा फळ्यासारखा वापर करतंय, असं म्हटलं असतं. तुमची मेमरी ५४ टक्के आहे.

होतंय असं, की तुमच्या हिशेबाच्या फाइलचा काही भाग डिस्कच्या खराब झालेल्या जागी बसला आहे. डिस्कचं डोकं तिथे जातं, वाचता येत नाही, मागे जातं, पुन्हा येतं. ती टिक-टिक हीच असावी. तोवर विंडोज नुसतं थांबतं. म्हणून ठरावीक फाइलीला हमखास.

खात्री करायची तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर उतरवा, त्याची न बसवता चालणारी आवृत्ती पेनड्राइव्हवर टाका आणि तिथूनच उघडा. आजारी डिस्कवर नवीन काही बसवू नका. वर निळं "गुड" असेल की पिवळं "कॉशन", आणि ०५, सी५, सी६, सी७ या चार ओळींचा शेवटचा रकाना पाठवा.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून बघायचा मोह झालाच तर एक सूचना. तिथे "कर्नल-पॉवर ४१" अशा लाल ओळी रांगेने दिसतील. त्या वाचून लोक चार्जर बदलतात, बॅटरी बदलतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता बंद झालं. ते तर तुम्हीच बटण दाबून केलंत! माझ्या कामाच्या ओळी "डिस्क" नावाखालच्या ७ आणि १५३ क्रमांकाच्या. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे मागितलेलं मिळालं नाही म्हणून पुन्हा मागावं लागलं.


प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

पिवळं आहे. ०५ समोर सगळी शून्यं. सी५ समोर खूप शून्यं आणि शेवटी १८. सी६ समोरही १८. सी७ शून्य. नुसत्या १८ ने एवढं होतं?


प्रेषक: ग्रंथालय
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

तो १८ अठरा नाही. हे सॉफ्टवेअर मुळात सोळाच्या पायावर आकडे दाखवतं, म्हणजे एक सोळा आणि वर आठ, चोवीस. म्हणजे सी५ सांगतोय, की चोवीस सेक्टर, डिस्कवरचे साठवणीचे छोटे तुकडे, असे आहेत जे डिस्कला वाचता आले नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही. सी७ शून्य आहे हे बरं. तो वाढलेला असता तर आधी केबल तपासायला सांगितली असती.

चोवीस म्हणजे लाखो-करोडोंतले चोवीस, खरं आहे. पण २००७ साली गूगलच्या लोकांनी आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात पहिली वाचनाची चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली. उलटही तितकंच खरं, म्हणून बाकीच्यांनी "आमचं निळं आहे" म्हणून निवांत बसू नये. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी त्या अभ्यासाने महत्त्वाच्या ठरवलेल्या चार आकड्यांत एकही खूण दाखवली नव्हती.


प्रेषक: क्रीडा समिती
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

ताई, मला एक कळत नाही. माझंही पिवळंच होतं! फॉरमॅट मारल्यावर निळं झालं. मग फॉरमॅटने डिस्क बरी होतेच ना?


प्रेषक: ग्रंथालय
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

अरे, हाच तर चकवा आहे. वाचता न येणाऱ्या सेक्टरला डिस्क "बघू नंतर" म्हणून बाजूला ठेवते, कारण न जाणो, कधीतरी आतलं वाचता येईल. पण तू त्याच जागी नवीन काही लिहिलंस की तिला कळतं, जुन्याची आता कोणाला गरज नाही. मग लिहिलेलं टिकलं तर सेक्टर यादीतून निघतो, नाहीतर राखीव जागेतला एक सेक्टर त्याच्या बदली लागतो आणि ०५ चा आकडा वाढतो. पूर्ण फॉरमॅट म्हणजे डिस्कभर शून्यं लिहिणं. सी५ शून्यावर येणारच, आणि पट्टीही निळी होऊ शकते. खराब जागेतला तुझा मजकूर मात्र कायमचा गेला आणि डिस्कचा पृष्ठभाग होता तसाच राहिला.

आता खरं सांग, तो सुसाट लॅपटॉप सध्या कसा आहे?


प्रेषक: क्रीडा समिती
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

चार महिन्यांनी डिस्क गेली. मला वाटलं ते वेगळं कारण असेल. 🙏


प्रेषक: लिस्ट व्यवस्थापक
विषय: उत्तर: उत्तर: लॅपटॉप सारखा हँग होतोय

"छान माहिती" आणि "+१" एवढंच लिहायचं असल्यास कृपया सर्वांना उत्तर देऊ नये. आतापर्यंत एकोणीस आली.


प्रेषक: ग्रंथालय
विषय: काकूंचा लॅपटॉप, पुढचं

काकू, आता क्रम चुकवू नका.

मशीन बंद करा. उद्या एकदाच चालू करायचं, तेही बाहेरची डिस्क हाताशी घेऊन. नेट बंद ठेवा, म्हणजे अपडेट मधे नाचणार नाहीत. सगळ्यात आधी हिशेबाचं फोल्डर, मग सभासदांची यादी, मग इतिवृत्तं. फोटो शेवटी. चालू मिनिटं मोजकी आहेत असं धरून चाला.

पूर्ण फोल्डर माउसने ओढू नका. एक फाइल अडली की सगळं तिथेच खोळंबतं. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची फाइली कॉपी करणारी आज्ञा असते, तिची तयार ओळ तुम्हाला वेगळी पाठवते. त्यात मी मुद्दाम सांगितलंय की एकदाच पुन्हा प्रयत्न कर आणि एक सेकंद थांब. न सांगता सोडलं तर ती अडलेल्या एका फाइलसाठी १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. वार्षिक सभा काय, आपण सगळे माजी होऊ. न जमलेल्या फाइलींची नावं ती जाता जाता दाखवते आणि शेवटी त्यांचा आकडा देते. त्यांच्यामागे नंतर लागू.

आणि ते चेकडिस्क, जे दुरुस्ती करतं असं सगळे सांगतात, ते बॅकअपच्या आधी अजिबात नको. टेबलावरच्या पहिल्याच वर्षी मी एका बाईंच्या अशाच डिस्कवर रात्रभर लावून गेले होते. ते पूर्ण डिस्क घासून वाचतं, आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढेच श्रम पुरतात. सकाळी डिस्क नुसती कण्हत होती, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, नावही येईना. बाईंनी विचारलं, "दुरुस्त झाली?" त्यानंतर मी बॅकअपशिवाय कुठल्याही डिस्कला बोट लावलेलं नाही.

बॅकअप झाला की जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, बसवू. तुमच्या मशीनमध्ये अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची बसेल. आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल नको, विंडोज नव्याने टाकू. मशीन विकत घेताना विंडोज आत आलेलं असेल तर परवान्याची की बोर्डावरच नोंदलेली असते, ती आपोआप ओळखली जाते. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि प्रोसेसरची पिढी बघून ११ च टाकू. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवा. जुनी डिस्क दुसऱ्या मशीनला लावायची वेळ आली तर तिच्याशिवाय काही दिसणार नाही.

काका, मशीन उघडल्यावर धूळ तुम्हीच काढायची. फक्त पंखा बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.


प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: काकूंचा लॅपटॉप, पुढचं

मंडळी, हिशेब वाचले! कॉपी व्हायला सव्वाचार तास लागले. हिशेबाची फाइल दुसऱ्या प्रयत्नात आली, तेव्हा मी खुर्चीतून उठले. काल एसएसडी बसली. आता तीच फाइल माउसवरचा हात उचलायच्या आत उघडते. काकांनी धुळीची वात काढून मला पाकिटात घालून दिली आहे.

न आलेल्या फाइली एकूण तीन. दोन माझ्याच जुन्या याद्या, त्यांचं सोडा. तिसरी मात्र पाच वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त. ताईने तीनदा प्रयत्न केला, ती काही निघाली नाही. सही केलेला कागद कोणाकडे आहे का?


प्रेषक: माजी अध्यक्ष
विषय: उत्तर: उत्तर: काकूंचा लॅपटॉप, पुढचं

वहिनी, ते तुम्हीच तेव्हा या लिस्टवर पाठवलं होतं. त्या पत्राला बावीस जणांनी सर्वांना उत्तर दिलं होतं, आणि दर उत्तराला फाइल पुन्हा जोडलेली आहे. तेवीस प्रती माझ्याकडे आहेत. एक सोबत जोडतो.