सी भाषेत सॉकेटवर स्वतःचा थर : पातळ असावा की जाड?

तापीकाठ (जळगाव)

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांसाठी ठिबकचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारी एक प्रणाली आम्ही सी भाषेत लिहीत आहोत. बागेतला कंट्रोलर ईएसपी३२ चिपवर चालतो आणि त्यात एलडब्ल्यूआयपी हा लहान नेटवर्क स्टॅक आहे, मधला सर्व्हर लिनक्सवर आहे आणि कार्यालयातील देखरेखीचा संगणक विंडोजचा आहे. संदेश बांधण्याचा व वाचण्याचा कोड तिन्हीकडे एकच असावा असा आमचा आग्रह असल्यामुळे तो कोड आणि प्रत्यक्ष सॉकेट (नेटवर्क जोडणीचे प्रोग्रामला दिसणारे टोक) यांच्यामध्ये एक थर लागणार, याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते हा थर कोणत्या पातळीवर आखावा याबद्दल. माझे ठाम मत आहे की तो एकेका सॉकेट कॉलच्या पातळीवर, म्हणजे पातळ, आखू नये; जाड असावा. ‘जोडणी’ आणि ‘संदेश’ एवढ्या दोनच गोष्टी वरच्या कोडला दिसाव्यात आणि सॉकेटचे हँडल (त्याचा ओळख-क्रमांक) बंदिस्त स्ट्रक्टच्या आतच राहावे.

१९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर आलेला सॉकेट इंटरफेस आज सर्वत्र सारखाच आहे असे वरवर पाहता वाटते. विंडोजवर क्लोजऐवजी क्लोजसॉकेट लिहावे लागते, काय चुकले हे एररनोऐवजी डब्ल्यूएसएगेटलास्टएररला विचारावे लागते आणि आरंभी डब्ल्यूएसएस्टार्टअप बोलवावे लागते. हे फरक मॅक्रोने मिटतात, कारण ते विसरले तर चूक लवकर उघडी पडते. घातक फरक ते, जिथे नाव तेच राहते आणि अर्थ बदलतो. विंडोजवर सॉकेटचा टाइप अनसाइन्ड (ऋण संख्या न घेणारा) आहे, म्हणून ‘शून्यापेक्षा लहान असेल तर चूक’ ही युनिक्समधली सवयीची तपासणी तिथे कधीच खरी ठरत नाही. वाचनाचा टाइमआउट लिनक्सवर टाइमव्हॅल स्ट्रक्टने दिला जातो, तर विंडोजला मिलिसेकंदांचा एक पूर्णांक हवा असतो. टाइमव्हॅल तसाच पुढे केला तर सेकंदांचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला जातो. रीयूजअ‍ॅड्रेस या पर्यायाने लिनक्सवर टाइम-वेटमध्ये (जोडणी बंद झाल्यानंतरच्या प्रतीक्षेत) अडकलेला पोर्ट पुन्हा घेता येतो, पण विंडोजवर तोच पर्याय चालू पोर्टवर दुसऱ्या प्रोग्रामला बसू देतो. नॉन-ब्लॉकिंग (वाट न पाहता लगेच परतणारा) कनेक्ट फसला तर लिनक्सवर सॉकेट लिहिण्याजोगा दिसतो आणि मग एसओ-एरर विचारून कारण कळते. विंडोजच्या सेलेक्टमध्ये (अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवणाऱ्या कॉलमध्ये) मात्र ती बातमी अपवादांच्या संचात येते, आणि तो संच न तपासणारा कोड टाइमआउट होईपर्यंत वाट पाहत बसतो.

पातळ थर या सगळ्यांना एकच नाव देतो आणि त्यामुळे वरच्या कोडला समानतेचा खोटा भरवसा मिळतो, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

पांझरा (धुळे)

आपण दाखवलेले फरक खरे आहेत. त्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. यांतला प्रत्येक फरक त्या-त्या फंक्शनच्या आतच मिटवता येतो. टाइमआउट नेहमी मिलिसेकंदांत घ्यावा आणि आत हवे ते रूपांतर करावे. पोर्ट पुन्हा घेण्याचे फंक्शन विंडोजवर एक्सक्लुझिव्ह-अ‍ॅड्रेस-यूज हा पर्याय लावील. हँडलचा स्वतंत्र टाइप करून त्याच्या वैधतेसाठी एक तपासणी द्यावी. असा थर एका हेडर फाइलीत आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या एकेका लहानशा सी फाइलीत मावतो. नवा माणूस तो एका बैठकीत वाचून काढतो, आणि शेतावरून तक्रार आली की एसट्रेस हे कॉल दाखवणारे साधन लावून किंवा वायरशार्क या नेटवर्क-निरीक्षकात पाकिटे पाहून कोडची ओळ थेट कॉलशी जुळवता येते. जाड थरात ती ओळ रांगा, कॉलबॅक (काम झाल्यावर बोलावली जाणारी फंक्शने) आणि टायमर यांच्या मागे दडलेली असते.

माझा याहून मोठा आक्षेप असा की जाड थर टीसीपीला (बाइट क्रमाने पोहोचवणाऱ्या नेटवर्क-नियमांना) न पाळता येणारे वचन देतो. ‘संदेश पाठवा’ असे फंक्शन यशस्वी झाले म्हणजे नेमके काय झाले? सेंड यशस्वी झाला याचा अर्थ तुमचे काही बाइट कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमध्ये गेले एवढाच असतो. सगळे गेले असेही नाही, कारण नॉन-ब्लॉकिंग सॉकेटवर अर्धेच बाइट स्वीकारले जाणे अगदी नेहमीचे आहे. ते पलीकडच्या यंत्रापर्यंत पोहोचले का, तिथल्या प्रोग्रामने वाचले का आणि व्हॉल्व्ह उघडला का, यांपैकी कशाचेही उत्तर सेंड देत नाही. पातळ थर वापरणाऱ्याला हे सतत समोर दिसते आणि तो पोचपावती मागतो. ‘संदेश गेला’ असे सांगणारा थर वापरणारा मात्र निर्धास्त होतो आणि बाग कोरडी राहते.

जंक्शन (भुसावळ)

दोन्ही बाजू वाचल्या. मला मूळ प्रश्नच अनावश्यक वाटतो. नोडजेएससाठी लिहिली गेलेली लिबयूव्ही ही लायब्ररी लिनक्सवर ईपोल, मॅकवर केक्यू आणि विंडोजवर आयओसीपी या वाट पाहण्याच्या यंत्रणा वापरते, आणि वर उल्लेखलेले खाचखळगे तिने कधीच ओलांडले आहेत. त्याहून साधे हवे असेल तर लिबइव्हेंट आहे. हजारो प्रकल्पांत घासून निघालेला कोड सोडून स्वतःचा नवा थर लिहायचा आणि पुढे तो आपणच सांभाळत बसायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

तापीकाठ (जळगाव)

भुसावळकरांचा सल्ला सर्व्हर आणि कार्यालयातला संगणक यांच्यापुरता योग्य आहे, आणि तिथे आम्ही आत लिबयूव्हीच वापरू. पण बागेतल्या चिपवर ती चालत नाही. ईएसपी३२ मध्ये ५२० केबी एसरॅम (चालती मेमरी) आहे, आणि ती वाय-फाय, टीएलएस (संदेशांचे कूटबद्धीकरण) आणि आपला प्रोग्राम अशा सर्वांत वाटली जाते. म्हणजे लिबयूव्हीच्या वरही आपला एक थर लागतोच, आणि प्रश्न जागच्या जागी राहतो.

धुळ्याच्या भाऊंचा वचनाचा मुद्दा वजनदार आहे. परंतु तो थराच्या जाडीवरचा आक्षेप नसून त्याच्या करारावरचा आहे. आमच्या थरातले फंक्शन ‘रांगेत घेतला’ एवढेच सांगेल, आणि व्हॉल्व्ह उघडल्याची पोचपावती हा संदेशांच्या व्यवहाराचा भाग राहील.

पातळ थराची खरी अडचण वाट पाहण्यात आहे, आणि तिथे एकेक फंक्शन दुरुस्त करून भागत नाही. सेलेक्ट सगळीकडे आहे म्हणून तोच घ्यावा, तर लिनक्सवर त्याची मर्यादा १०२४ क्रमांकांपर्यंत आहे, त्यापुढचा डिस्क्रिप्टर (सॉकेटचा क्रमांक) संचात टाकला की संचाबाहेरच्या मेमरीत लिहिले जाते. विंडोजवर मूळ मर्यादा ६४ सॉकेटची आहे. शेकडो बागा जोडायच्या सर्व्हरला हे पुरत नाही. ईपोलकडे वळलो तर तो ‘आता वाचता येईल’ एवढे सांगतो, तर आयओसीपी ‘वाचून झाले’ असे सांगतो. पहिल्यात बफर वाचण्याच्या क्षणी लागतो. दुसऱ्यात तो आधीच कर्नलच्या हवाली करावा लागतो आणि काम पुरे होईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. २०१९ साली लिनक्स ५.१ मध्ये आलेला आयओ-युरिंग याच दुसऱ्या पद्धतीचा आहे. ‘पूर्ण झाले’ पद्धतीचा इंटरफेस ईपोलवर सहज उभारता येतो. ‘तयार आहे’ पद्धतीचा इंटरफेस आयओसीपीवर उभारणे फार अवघड आहे. म्हणून थराने दुसरी पद्धत स्वीकारावी, आणि ती स्वीकारली की थर आपोआप जाड होतो.

सातपुडा (नंदुरबार)

मी चिपच्या बाजूने लिहितो, कारण वरची चर्चा सर्व्हरच्या खुर्चीतून चालली आहे. ईएसपी३२ च्या विकास-संचात एकाच वेळी उघडता येणाऱ्या सॉकेटची मूळ मर्यादा १० आहे, आणि आमच्या कंट्रोलरला एकच जोडणी लागते. तिथे रांगा आणि कॉलबॅकचे यंत्र नको. थराने आतून मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणे) अजिबात करू नये. बफर वापरणाऱ्याने द्यावा आणि त्याचा आकार आरंभीच ठरलेला असावा. जळगावकरांनी हा नियम स्वीकारला तर त्यांचा थर मला चालेल, नाहीतर चिपवर मी पातळच ठेवीन.

टीएलएसचा थरावर काय परिणाम होतो हे अजून कोणी मांडलेले नाही, आणि पातळ थर तिथे खरोखर उघडा पडतो. एम्बेड-टीएलएस या लायब्ररीला पाठवण्याचे आणि वाचण्याचे असे दोन फंक्शन-पॉइंटर द्यावे लागतात. वाचायला गेलेले फंक्शन ‘मला आधी लिहायचे आहे’ असे उत्तर देऊ शकते, कारण मधेच हँडशेकचा (किल्ल्या ठरवण्याचा) टप्पा येतो. ज्या थरात ‘सॉकेट वाचण्याजोगा झाला की वाचा’ एवढाच विचार आहे, तो अशा वेळी अडकून पडतो. टीएलएस नंतर घालू असे म्हणणाऱ्यांना पुढे सगळा थर उसवावा लागतो.

दुसरी बाब आपल्या भागातली आहे. शेतीपंपांची वीज पाळीने येते. ती गेली की कंट्रोलर फिन (जोडणी संपल्याची खूण) न पाठवता गप्प होतो आणि सर्व्हरला जोडणी जिवंतच वाटत राहते. लिनक्सचा मूळ कीप-अलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते पाहणारी सोय) ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर पहिली चौकशी करतो. मधे सर्व्हरने काही पाठवले असेल तर पुन्हा पुन्हा पाठवण्यात सुमारे पंधरा मिनिटे जातात. शिवाय वीज परत आली की त्या फीडरवरचे सगळे कंट्रोलर एकदम जोडणी मागतात. म्हणून ठरावीक अंतराने जिवंतपणाचा संदेश, आणि पुन्हा जोडण्यापूर्वी यादृच्छिक विलंब, या दोन्ही गोष्टी थरातच असाव्यात असे माझे मत आहे. प्रत्येक प्रोग्रामवर त्या सोडल्या तर कोणी ना कोणी विसरतोच.

पांझरा (धुळे)

टीएलएसचा मुद्दा मी मान्य करतो. तिथे पातळ थराकडे चांगले उत्तर नाही. जिवंतपणाचा संदेश थरात घालण्याला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण त्याचे अंतर व्यवहारावर ठरते. पाण्याची पाळी चालू असताना वीस सेकंदही जास्त वाटतील, आणि रात्री बाग बंद असताना दहा मिनिटे चालतील. हा निर्णय ज्याला पाळीचे वेळापत्रक ठाऊक आहे त्याने घ्यावा; थराला ते ठाऊक नसते आणि नसावेच.

आणखी एक गोष्ट अनुत्तरित आहे. गेटअ‍ॅड्रइन्फो हा नावावरून पत्ता शोधणारा कॉल ब्लॉक होतो (उत्तर येईपर्यंत अडून राहतो), आणि पॉसिक्स या युनिक्स-मानकात त्याचे नॉन-ब्लॉकिंग रूप नाही. ‘कधीही न अडकणारा’ असा थर देणार असाल, तर सर्व्हरचे नाव पत्त्यात बदलण्याचे काम कुठे होणार?

तापीकाठ (जळगाव)

ते काम थराबाहेर होईल. जोडणीचे फंक्शन नाव घेणार नाही, तयार पत्ता घेईल, आणि तो सॉकअ‍ॅड्र-स्टोरेजमध्ये (कोणत्याही आवृत्तीचा पत्ता मावणाऱ्या स्ट्रक्टमध्ये) असल्यामुळे आयपीव्ही६ साठी वेगळी वाट लागणार नाही. नाव शोधण्याचे काम लिनक्स व विंडोजवर वेगळ्या थ्रेडमध्ये चालेल, आणि एलडब्ल्यूआयपीत त्यासाठी कॉलबॅक देणारे फंक्शन आधीच आहे. जिवंतपणाच्या संदेशाचे अंतर वरचा कोड ठरवील आणि वाटेल तेव्हा बदलील. घड्याळ तेवढे थर सांभाळेल. नंदुरबारकरांची मॅलॉकबंदीही मी स्वीकारतो, कारण बफर वापरणाऱ्याचा असला तर आयओसीपीच्या मालकीच्या नियमालाही तेच सोयीचे पडते.